एका थेंबात दोन

सिल्वासा, १२ नोव्हेंबर २०२४

मृणाल,

तुझा सेतू हरवला आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं तू वाचशील याची खात्री नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ईमेलला तुझी कोणी मदतनीस 'मॅडम प्रवासात आहेत' असं उत्तर देते, म्हणून हे कुरियरनं बंगळूरला पाठवतेय. त्यावर सही करावी लागते, म्हणजे निदान हातात तरी घेशील.

तू जिची सल्लागार आहेस त्याच कंपनीच्या इथल्या प्रयोगशाळेत मी जुलैपासून नोकरीला आहे. अर्जात तुझं नाव घेतलं नव्हतं. त्यांना आकडेमोड करणारं माणूस हवं होतं, मला पगार हवा होता. तुझ्याच मॉडेलवर काम करायचंय हे कळलं तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं, पण तोवर इथे आमलीतल्या फ्लॅटवर सामान लागलं होतं.

परवा एका पेशंटच्या वडिलांना हे सगळं समजावत होते. सुकदेव त्यांचं नाव. तळोद्याकडचे, राखोलीत सुताच्या कारखान्यात ऑपरेटर आहेत. त्यांची मुलगी सोनम वीस वर्षांची, पेनांच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिला सिकलसेल आहे. आपल्या अभ्यासासाठी कमरेच्या हाडातून ज्यांचा मगज काढला त्यांतली ती एक. सुकदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, मन्ही पोरना हाडमां तुम्ही काय शोधी ऱ्हायनात?"

मी सांगितलं, हाडाच्या आत मूळ पेशी असतात आणि त्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी घडतात. आम्ही हजारो पेशी एकेक करून वाचतो, कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती बोलतंय ते. मग कॉम्प्युटर त्यांना सारखेपणावरून ओळीत लावतो, एकाच मुलीचे बालवाडीपासून दहावीपर्यंतचे फोटो लावावेत तसे. त्या ओळीत मधोमध एक पेशी सापडली आहे, अर्धी मूळ आणि अर्धी लाल. बंगळूरच्या मॅडमनी ती शोधली आणि तिला सेतू असं नाव दिलं. नेमकं तिथे औषध पोचवता आलं तर पुढे तयार होणाऱ्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकणार नाहीत. "मंग भेटनी का ती सोनमना हाडमां?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघतोय.

आता पुढचं. आमच्याकडे श्रुती नावाची नवी टेक्निशियन आली आहे. यंत्रात एकेक पेशी तेलातल्या एकेका थेंबात बंद होते आणि थेंबागणिक वेगळी खूण मिळते, एवढं तुला सांगायला नको. आधीचा माणूस यंत्रात पेशी कोंबायचा. श्रुती बेताच्या टाकते. तिनं टाकायला लागल्यापासून बाकी सगळ्या पेशी जागच्या जागी आहेत, फक्त सेतू जवळजवळ नाहीसे झालेत. म्हणजे ते होते तरी काय? एका थेंबात दोन पेशी अडकल्या, एक मूळ आणि एक लाल, की यंत्र बिचारं दोघींना एकच समजतं. डबलेट, मृणाल! पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे.

असे थेंब काढून टाकणारी गाळणी तुझ्या प्रोग्रॅममध्ये बंद आहे. सेतूच्या पेपरात तू ते उजळ माथ्यानं लिहिलंयस: गाळणी लावली तर खरे सेतूही वाहून जातात, म्हणून लावलेली नाही. चहाच्या गाळणीत उरलेला चोथा बशीत काढून हाच खरा चहा म्हणून पाहुण्यांपुढे ठेवलास तू. आणि जगभरचे लोक भुरके मारून प्याले.

पेशी ओळीत लावणारा प्रोग्रॅम मुळात मी लिहिला होता, हा विषय मी काढणार नव्हते. आभारात तू माझं नाव घातलंस, 'उपयुक्त चर्चेबद्दल', शेवटून दुसरं. हे पत्र त्यासाठी नाही. मी जळतेय असं तुला वाटेल, तर वाटू दे.

काम एवढंच आहे. तुझ्या संमतीशिवाय इथे कोणाचाही नवा नमुना घेत नाहीत. कंपनीला एक ओळ लिही, अभ्यास थांबवा म्हणून.

भक्ती


सिल्वासा, ३ डिसेंबर

मृणाल,

उत्तर मला नाही, अनंतसरांना आलं. अनंतसर म्हणजे आमचे लॅब मॅनेजर, नाशिकचे, स्वभावानं गरीब, वरून ईमेल आली की उभे राहून वाचणारे. त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. 'सेतू अत्यंत नाजूक असतात. पेशींचं लोडिंग पूर्ववत वाढवावं. शक्य तिथे ताजा मगज घ्यावा.'

शी! तुला पत्र पोचलं, तू ते वाचलंस आणि वाचून हे लिहिलंस.

श्रुतीला पुन्हा कोंबायला लावलं. सेतू परत आले, अगदी घरचे असल्यासारखे. अनंतसरांनी सगळ्यांसाठी फाफडा-जिलेबी मागवली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला त्या तुपकट वासाचीसुद्धा शिसारी येत होती. जितकी गर्दी जास्त तितके सेतू जास्त, हे समोर स्क्रीनवर दिसत होतं आणि माणसं बोटं चाटत होती.

मग ताजा मगज कोणाकोणाचा घ्यायचा ते ठरलं. सोनमचं नाव होतं. तिच्या पहिल्या नमुन्यात सेतू सगळ्यांत कमी होते ना, म्हणून.

मी तिच्याबरोबर गेले. तू कधी सुई बघितली आहेस का? पालथं झोपवतात. कातडी बधिर करतात, पण आतून मगज ओढतात तेव्हाची कळ कशानंच बधिर होत नाही. सोनमनं चादर दातात धरली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मॅडम, कोणी पाय धरीसन वढी ऱ्हायना आसं वाटनं." आणि हसली. वर मलाच विचारलं, "आता ते भेटी जाई ना?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आता आठवत नाही.

तू विचारशील, मी तिथे का गेले, अडवलं का नाही. अडवून काय झालं असतं? मला तुझ्यासमोर पुरावा ठेवायचा आहे, असा की तुला तोंड उघडायला जागा राहणार नाही. सोनमच्या पहिल्या नमुन्यातल्या पेशी फ्रीझरमध्ये आहेत, त्यांवरही माझी चाचणी झाली असती. पण गोठवलेल्या म्हटल्यावर तू लगेच म्हणाली असतीस की सेतू गोठताना मेले. तुझं सगळं मला पाठ आहे, हॉस्टेलच्या एका खोलीत पाच वर्षं काढली आहेत तुझ्याबरोबर. म्हणून मी म्हटलं, ताजा मिळतोय तर मिळू दे.

चाचणी काय ते पुढच्या पत्रात कळवते. तोवर पेपर मागे घ्यायचा मसुदा करायला लाग.

भक्ती


सिल्वासा, २३ डिसेंबर

मृणाल,

झालं. बसून वाच.

खेरडीचा पप्पू म्हणून अभ्यासातला दुसरा पेशंट आहे, सोनमच्याच वयाचा. त्याचाही मगज सोनमबरोबर त्याच सकाळी काढला होता. श्रुतीला मी दोघांच्या पेशी सारख्या प्रमाणात मिसळायला सांगितल्या आणि एकत्रच यंत्रात घातल्या. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्रावरची जनुकं बोलतात. बाईच्या पेशीत दोनांपैकी एक एक्स गप्प करणारं जनुक बोलतं. एकाच पेशीत दोन्ही बोलायचं काही कारण नाही.

बाकीच्या पेशी शहाण्यासारख्या वागल्या, एकतर सोनमच्या नाहीतर पप्पूच्या. तुझे सेतू मात्र निम्मे दोघांचेही निघाले. एकाच पेशीत पप्पूपण आणि सोनमपण! राखोली आणि खेरडी एका थेंबात. उरलेले निम्मे म्हणजे सोनमच्याच दोन किंवा पप्पूच्याच दोन, आंधळेपणानं जोड्या लागल्या तर असंच व्हायला हवं. मी खुर्चीत बसून एकटीच हसले. मग उठून तोंड धुऊन आले.

ही पेशी कुठल्याही माणसाच्या हाडात नाही, मृणाल. ती फक्त आपल्या यंत्रात असते. तिच्या नावानं तुला पदकं मिळाली, तिचं चित्र तुझ्या व्हिजिटिंग कार्डावर आहे, आणि तिच्या शोधात एका मुलीच्या हाडात दोनदा सुई घातली. सोनम त्यानंतर आठवडाभर उभ्यानं जेवत होती, सुकदेवभाऊंनी सांगितलं. कंपनीत बसून पॅकिंग करतात, तिला बसता येईना, म्हणून सुपरवायझर ओरडला.

आकडे, आलेख सगळं सोबत जोडलंय. आता तरी ती एक ओळ लिही. मी हे अजून कोणाला दाखवलेलं नाही. अनंतसरांनाही नाही. हे तू स्वतः कबूल करावंस असं मला वाटतं.

भक्ती


सिल्वासा, २० जानेवारी २०२५

मृणाल,

तू येऊन गेलीस तरी पुन्हा पत्रच लिहितेय, कारण समोर मला बोलता आलं नाही. तू बोलू दिलं नाहीस म्हण.

नव्या विभागाचं उद्घाटन, फीत, शाल, सगळं यथासांग झालं. तू भाषणात 'इथल्या आदिवासी बांधवांनी विज्ञानाला दिलेलं दान' म्हणालीस तेव्हा मी खाली मान घालून चपलेचा पट्टा लावत बसले. त्या बांधवांपैकी एकालाही बोलावलं नव्हतं. नंतर कंपनीनं सगळ्यांना दुधनीच्या तलावावर नेलं, बोटीत बसवलं. तूच मला तुझ्या बोटीत ओढलंस. "भक्तू, ये ना!" इतक्या वर्षांनी भक्तू. मला वाटलं, आता बोलेल.

आणि बोललीस की. पाण्याकडे बघत म्हणालीस, "तुझी चाचणी सुंदर आहे. मला वाटलंच होतं तू अशी काहीतरी करशील."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? निम्मे दोघांचे आहेत, मान्य. उरलेल्या निम्म्यांत चार खरे सेतू नसतीलच असं तू सिद्ध केलंयस का?"

"तुला स्वतःला काय वाटतं? आहेत?"

तू बोटं पाण्यात बुडवलीस. मग म्हणालीस, "पहिल्या वर्षी वाटायचं आहेत. आता मी तो प्रश्न स्वतःला विचारत नाही. माझ्याकडे बारा पोरं पीएचडी करतात, भक्तू. सगळ्यांची सेतूवर."

तुझा राग यायला हवा होता, पण राग नाही आला. घाण वाटली. आंघोळ करावीशी वाटली. तू खोटारडी असतीस तर परवडलं असतं. तू नुसती सोयीनं गप्प बसलीस आणि त्या गप्प बसण्यावर एक अख्खी इमारत उभी केलीस, आणि वर मला विचारतेस, केस का कापलेस, छान होते.

सुईचं मी काढलं. तू म्हणालीस, "त्या लोकांची काळजी आपण घेतोच ना. गाडी पाठवतो, डॉक्टर बघतात. अभ्यास बंद झाला तर त्यांना कोण विचारणार आहे?" आणि मग बोट काठाला लागता लागता ते दुसरं बोललीस. नवीन पेपर. सेतूचे दोन प्रकार, त्यातला एक डबलेट म्हणून आपणच बाजूला काढायचा, दुसरा ठेवायचा. "तुझी चाचणी त्यातच घालू. तुझं नाव पहिलं."

मैसूरपाकाचा डबा माझ्या हातात कोंबून तू गाडीत बसलीस. डबा मी लॅबमध्ये ठेवून दिला. एक तुकडा खाल्ला, खोटं कशाला बोलू.

भक्ती


सिल्वासा, ६ फेब्रुवारी

मृणाल,

मसुदा आला. उघडणार नव्हते. उघडला. माझं नाव खरंच पहिलं आहे. स्पेलिंगही बरोबर आहे. मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगणार नाही. नंतर माझाच इतका वीट आला की लॅपटॉप बंद करून भांडी घासत बसले.

पण शेवटी तू लिहिलंयस, 'दुसऱ्या प्रकाराच्या खात्रीसाठी निवडक पेशंटचा आणखी एक ताजा नमुना लागेल.' अनंतसरांनी दिवसही ठरवला. येत्या सोमवारी. सोनमची तिसरी सुई. पप्पूचीही.

नसलेल्या पेशीचे दोन प्रकार करायचे, आणि त्यातल्या नसलेल्या दुसऱ्याची खात्री करायला त्या मुलीला पुन्हा पालथं पाडायचं! हे लिहिताना तुझा हात थांबला नाही? तुझ्या स्वतःच्या कमरेत घाल ना सुई. तुझा मगज ताजाच असेल.

काल सुकदेवभाऊ पाळी संपवून गेटवर आले होते. वॉचमननं आत सोडलं नाही, मीच बाहेर गेले. म्हणाले, "मॅडम, पोरगी नको म्हनस. रडस. पन तुम्ही म्हनशात तं मी समजाडस तिले. तुम्ही म्हना, टोचनं जरुरी शे का?"

मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते. बंगळूरहून उत्तर यायचंय.

म्हणून आता हात जोडून लिहिते. भांडण बाजूला ठेव, पेपर ठेव, माझं नाव नको. फक्त सोमवार रद्द कर. एक ओळ, मृणाल. शनिवारपर्यंत वाट बघते.

भक्ती


सिल्वासा, ९ फेब्रुवारी, रविवार

मृणाल,

शनिवारी तुझी ईमेल आली नाही. आज सकाळी मी स्कूटर काढली आणि राखोलीला गेले.

सोनम दारात कपडे पिळत होती. सुकदेवभाऊ पाळीवर होते. मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. थेंब, एका थेंबात दोन, गाळणी, सगळं. समजायला अवघड जाईल म्हणून मी फार सोपं करून सांगायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

"म्हणजे ते नहीच शे."

"नाही."

"मन्हा हाडमांबी नही."

"कोणाच्याच नाही."

तिनं पिळलेला कपडा बादलीत ठेवला. "हाई तुमले कधीपासून माहीत शे?"

मी म्हटलं, शंका दिवाळीनंतर आली. खात्री डिसेंबरात झाली.

"दुसरी सुई तं दिवाळीना नंतर टोचनी." ती माझ्याकडे बघत होती. "पयली तं ती पेशी शोधाले व्हती. मंग दुसरी कशाले व्हती?"

तुला लिहिताना मी याला पुरावा म्हटलं होतं. तिच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना. मी म्हटलं, दुसरी माझ्यासाठी होती. फ्रीझरमध्ये तुझ्या पेशी होत्या, त्यांवर भागलं असतं. मला एका बाईला खोटं पाडायचं होतं.

"कोनती बाई?"

मी तुझं नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तुझं छापलेलं माहितीपत्रक तिच्या घरात आहे, तीन भाषांत, पण तुझं नाव तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तिला मी पत्रं लिहीत होते, तिनं थांबवावं म्हणून.

"तिले काबर? माले सांगतात तं मी नही म्हनी देती."

मृणाल, तीन महिने तुझी किळस करण्यात मी इतकी गुंतले होते की ज्या मुलीच्या नावानं तुला झोडत होते तिला विचारायचं मला सुचलंच नाही. तुझी एक ओळ, तुझी एक ओळ. ओळ हवी होती ती सोनमची आणि ती राखोलीत होती. तू पेशंटांना बांधव म्हणालीस म्हणून मी चपलेचा पट्टा लावत बसले, आणि मी तरी काय केलं? मला तू हरायला हवी होतीस. बाकी सगळं त्यानंतर.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात पुसून आत गेली, ओढणी घेऊन आली. म्हणाली, "मी उद्या येवाव नही. पन बाकीना येतीन. ज्यासले टोचनं त्या समदासना घर माले माहीत शेत, दवाखानामां सोबतच बसेल ऱ्हाऊत आम्ही. पयले पप्पूकडे चला. त्यानी माय एकटी शे, तिले तुम्हीच सांगा. तुमनाच तोंडथून."

स्कूटरवर मागे बसताना तिनं एक हात कमरेवर ठेवला होता, ते मला आरशात दिसलं.

वाटेत आमलीला थांबले. फ्लॅटवरून आलेख आणि कागद घ्यायचे होते, घरोघरी दाखवायला, आणि तेच जर्नलला पाठवायलाही. कागद घेतले. मग टेबलावर हे पॅड दिसलं, आणि म्हटलं, तुला एकदा शेवटचं कळवावं की उद्या कोणी येणार नाही, आणि तुझा मसुदा मी, माझ्या नावासकट, फाड...

खालून सोनम हाक मारतेय. बराच वेळ उन्हात उभी आहे ती. मी खिडकीतून म्हटलं, आलेच, एवढं संपवते. तिनं वर बघितलं आणि विचारलं,

"मॅडम, परत तिलेच लिखी ऱ्हायनात का?"